पाईप आतून मोजावा

लालबागच्या चाळीतली ही आपल्या गावकीची खोली. एके काळी गिरणीत तीन पाळ्यांत राबणारी आपली माणसे येथे वळकट्या टाकून राहिली. आज गिरण्यांचे भोंगे वाजत नाहीत. पण गाव आणि मुंबई यांचे नाते तुटलेले नाही. गावी काही अडले की मुंबईला फोन येतो, "अमुक वस्तू तिकडं मिळंल का?" आणि येथला माणूस पिशवी घेऊन निघतो.

आज आपण अशाच एका वस्तूविषयी बोलणार आहोत. ती म्हणजे ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक पाईप. ट्रॉली उलटी करणारा जॅक किंवा पलटी नांगर यांना तेल पोहोचवणारा काळा रबरी पाईप तुम्ही पाहिलेलाच आहे. तो फुटला की काम थांबते. नवा घेताना माप चुकले, तर काम थांबतेच, पैसेही जातात, आणि कधी जीवावर बेतते.

आम्ही काही मेकॅनिक नव्हे. आमचा जन्म शाळेत गेला. पण या पाईपाच्या मापात आम्ही स्वतः एकदा चुकलो. त्या चुकीने जे शिकवले, तेच तुम्हांला सांगतो.

आमची चूक

मे महिन्याचे शेवटचे दिवस होते. मृग आठ-दहा दिवसांवर आला होता. कराडकडे आमचे थोरले चुलत बंधू आहेत. आम्ही त्यांना आबा म्हणतो. त्यांच्या ट्रॅक्टरला उलटी होणारी ट्रॉली आहे. शेणखत रानात टाकण्याचे काम चालू होते. त्यात ट्रॉलीचा पाईप फुटला. आबांनी फोन केला.

"गुरुजी, पाईप फुटलाय. मेकॅनिक म्हणतोय सहाचा लागंल. आन् म्या टेप लावून बगितली, सहा सूतच भरतोय. तेवढा मुंबईस्नं पाठवा."

आम्ही सकाळी निघालो. मस्जिद स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीटला गेलो. लोखंडी सामान, बेअरिंगे, पाईप, पट्टे यांची ही मुंबईतली जुनी बाजारपेठ. आम्ही रुबाबात म्हणालो, "सहाचा हायड्रॉलिक पाईप द्या."

दुकानदाराने विचारले, "सहा सूत की सहा नंबर?"

आम्हांला यातला फरक माहीत नव्हता. पण इतकी वर्षे मुलांना अपूर्णांक शिकवलेला माणूस "मला ठाऊक नाही" असे कसे म्हणणार? आम्ही म्हणालो, "सूत. सहा सूत."

"टोकांचे आटे कोणते?"

"नेहमीचे," आम्ही म्हणालो.

पाईप चांगला जाडजूड होता. हातात घेतल्यावर वाटले, हा काही लवकर फुटत नाही. दादरहून रात्रीच्या गाडीने तो गावी पाठवला. दुसऱ्या दिवशी आबांचा फोन आला, "गुरुजी, हे काय पाठवलंत? तोंडाला तोंड लागंना. जुन्याच्या दुप्पट हाय ह्यो."

इकडे पावसाची घाई. आबांनी जुन्या पाईपाच्या फुटलेल्या जागेवर सायकलची ट्यूब गुंडाळली, वरून तार आवळली आणि काम चालू केले. दोन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला ट्रॉली वर उचललेली होती. आबांचा नातू मागे वाकून, राहिलेले खत फावड्याने ओढत होता. त्याला तहान लागली म्हणून तो बांधावरच्या घागरीकडे गेला. तो पाच पावले गेला असेल नसेल, तोच ट्यूब सुटली, तेलाचा फवारा उडाला आणि ट्रॉली दाणकन खाली आली.

पोर वाचले. पण त्या दिवशी त्याला पाच पावले उशीर झाला असता, तर आज आम्ही येथे उभे राहून बोललो नसतो.

सहा कसे चुकले?

आता आमचे सहा कसे चुकले ते पाहू.

आपल्याकडे सुतार आणि लोहार इंचाचे आठ भाग करतात. त्यातला एक भाग म्हणजे एक सूत. चार सूत म्हणजे अर्धा इंच. सहा सूत म्हणजे पाऊण इंच.

हायड्रॉलिक पाईपाचा नंबर मात्र इंचाचे सोळा भाग करून ठरवतात. सहा नंबर म्हणजे सोळा भागांपैकी सहा भाग. सोळांतले सहा म्हणजेच आठांतले तीन. म्हणून सहा नंबरचा पाईप तीन सूत असतो, सहा सूत नव्हे. हिशेब सोपा आहे. नंबराचे निम्मे करावे, म्हणजे सूत मिळते.

४ नंबर म्हणजे २ सूत, पाव इंच.
६ नंबर म्हणजे ३ सूत.
८ नंबर म्हणजे ४ सूत, अर्धा इंच.
१२ नंबर म्हणजे ६ सूत, पाऊण इंच.
१६ नंबर म्हणजे ८ सूत, पुरा एक इंच.

मग आबांनी टेप लावली तेव्हा सहा सूत कसे भरले? कारण त्यांनी पाईप बाहेरून मोजला. येथेच सगळे फसतात. हायड्रॉलिक पाईपाचे माप आतल्या भोकाचे असते. आत रबराची नळी, तिच्यावर पोलादी तारेची वीण आणि तिच्यावर पुन्हा रबराचे कवच, असे याचे थर असतात. ३ सुती पाईपात तारेचे दोन थर असले, तर तो बाहेरून सुमारे ६ सूत भरतो. आबांच्या टेपेचा आकडा खरा होता, पण तो बाहेरचा होता. मेकॅनिकचा आकडाही खरा होता, पण तो नंबर होता. दोन्हीकडे सहाच आले आणि आमची खात्री पटली!

म्हणून पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. पाईप बाहेरून मोजू नये. माप आतले घ्यावे.

आतले भोक केवढे असावे?

जुना पाईप मूळचाच असेल, तर त्याच मापाचा नवा घ्यावा. पण पुष्कळदा जुना पाईपही कोणीतरी अंदाजाने बसवलेला असतो. नवे अवजार घेतले, तर माप नव्याने ठरवावे लागते. त्यासाठी एक गोष्ट ठाऊक हवी. ट्रॅक्टरचा पंप मिनिटाला किती लिटर तेल देतो? हा आकडा ट्रॅक्टरबरोबर मिळालेल्या पुस्तकात असतो.

रानात पाटाचे पाणी कसे असते? मोटर तीच, पाणी तेवढेच. पाट अरुंद केला, तर पाणी जोरात पळते, काठ खाते, फुटते. पाट बेताचा रुंद ठेवला, तर ते शांतपणे जाते. तेलाचेही तसेच आहे. भोक लहान असेल, तर तेवढ्याच तेलाला फार वेगाने पळावे लागते. मग ते घासून तापते. जॅक सावकाश उचलतो. पंपावर ओझे पडते आणि डिझेल वाया जाते. दाबाच्या पाईपात तेलाचा वेग सेकंदाला सुमारे ६ मीटरच्या वर जाऊ देऊ नये, असा साधारण नेम आहे. या नेमाने हिशेब केला, तर असे येते :

मिनिटाला ११ लिटरपर्यंत तेल असेल तर २ सूत.
२५ लिटरपर्यंत ३ सूत.
४५ लिटरपर्यंत ४ सूत.
१०० लिटरपर्यंत ६ सूत.

पाहा, २ सुताचे ४ सूत केले म्हणजे भोक दुप्पट झाले. पण तेल दुप्पट नव्हे, चौपट जाते. ११ चे जवळजवळ ४५ झाले. कारण भोक आडवेही दुप्पट होते आणि उभेही दुप्पट होते. दोन दुणे चार. म्हणून एका सुताचा फरकसुद्धा थोडा समजू नये.

जॅककडून टाकीत परत येणारे तेल मात्र सावकाश आलेले बरे. तेथे वेग याच्या निम्मा धरतात. म्हणून परतीचा पाईप वेगळा असेल, तर तो एक माप मोठा असतो. टाकीतून पंपाकडे तेल ओढणारा पाईप तर याहून रुंद असतो आणि त्याची जातही वेगळी असते. तेथे दाबाचा पाईप अंदाजाने बसवू नये.

जाड तो बळकट, हा भ्रम

आम्हांला वाटले होते, पाईप जाड आहे म्हणजे तो बळकट असणार. हा आमचा दुसरा गैरसमज.

ट्रॅक्टरच्या तेलाचा दाब साधारण १५० ते २०० बार असतो. एक बार म्हणजे एका चौरस सेंटीमीटरवर सुमारे एक किलोचा भार. करंगळीचे नख जेवढे, तेवढ्या जागेवर जवळजवळ दोन क्विंटल! दोन भरलेली पोती एका नखावर उभी केली, असे समजा. पाईपाच्या आतल्या प्रत्येक नखाएवढ्या जागेवर हा भार असतो.

फ्रान्समध्ये पास्कल नावाचा एक शास्त्रज्ञ होऊन गेला. सतराव्या शतकात त्याने दाखवून दिले की, बंद भांड्यातल्या पाण्यावर वा तेलावर एका जागी दाब दिला, तर तो सगळीकडे सारखा पोहोचतो. १७९५ साली इंग्लंडात ब्रामा याने याच नियमावर चालणारे दाबयंत्र तयार केले. कापसाच्या गाठी आवळून बांधणारे मोठाले प्रेस याच जातीचे. पुढे १९३६ साली फर्ग्युसन याचा ट्रॅक्टर निघाला. त्यात अवजार उचलायला तेलाचा हाच दाब वापरला होता. आपल्याकडे १९६३ साली मुंबईत इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया निघाली आणि कांदिवलीला ट्रॅक्टर बनू लागले. एका लहान दांडीने शेणखताची भरलेली ट्रॉली वर जाते, ती याच नियमाने.

आता हा दाब कोण सोसते? रबर नव्हे. सोसते ती आतली पोलादी तार. तारेचा एकच थर असेल, तर दुकानात त्याला सिंगल वायर म्हणतात. दोन थर असतील, तर डबल वायर. या पाईपांचे ठरलेले दाब असे आहेत :

३ सूत : सिंगल वायर १८० बार, डबल वायर ३३० बार.
४ सूत : सिंगल वायर १६० बार, डबल वायर २७५ बार.
६ सूत : सिंगल वायर १०५ बार, डबल वायर २१५ बार.

हे आकडे नीट वाचा. भोक वाढत जाते, तसा दाब सोसण्याचा आकडा उतरत जातो. कारण भोक मोठे झाले की, आतून रेटा देणारी जागा वाढते आणि तारेवर ताण जास्त येतो. आम्ही घेतलेला जाडजूड पाईप ६ सूत, सिंगल वायर होता. तो १०५ बारचा. आबांच्या ट्रॅक्टरचा दाब त्याहून कितीतरी जास्त. तोंडे जुळली नाहीत हे नशीबच म्हणायचे. जोडणी लावून तो कसाबसा बसवला असता, तर काही दिवसांनी तोही दगा देता.

दुकानदार म्हणेल, "पाईप लगेच नाही फुटत, चौपट दाबाला फुटतो." हे खरे आहे. कारखान्यात तशी कसोटी असते. पण ती चौपट ताकद धक्के, खड्डे आणि झीज यांच्यासाठी राखून ठेवलेली असते. ती रोजच्या कामात मोडायची नाही. बियाण्याचे धान्य रोजच्या भाकरीला दळतो का आपण?

लांबी, वळण आणि तोंडे

पाईप ताणून बसवू नये. दाब आला की, तो आखडू शकतो. मीटरमागे ४ सेंटीमीटरपर्यंत आखडतो. म्हणून थोडी ढील ठेवावी. ट्रॉली पूर्ण वर आणि पूर्ण खाली, अशा दोन्ही वेळा पाहून लांबी ठरवावी. ढील फारही नको, नाहीतर पाईप चाकात वा साखळीत अडकतो.

तोंडाजवळ एकदम मुरडू नये. ३ सुती पाईप गोल वळवला, तर त्या गोलाच्या मध्यापासून कडेपर्यंत ५ इंचांहून कमी अंतर नको. ४ सुतीला ७ इंच हवेत. ६ सुतीला साडेनऊ. जागा आखूड असेल, तर वाकडे तोंड मिळते, ते लावून घ्यावे.

पाईपावर लांबीने एक छापलेली ओळ असते. बसवल्यावर ती ओळ सरळ दिसली पाहिजे. ती मळसूत्रासारखी फिरलेली दिसली, तर पाईप पिळला गेला आहे असे समजा. पिळलेला पाईप लवकर जातो.

तोंडांच्या आट्यांच्याही जाती असतात. कोणाचे इंची, कोणाचे मेट्रिक. दिसायला सारखे, पण एकमेकांत नीट बसत नाहीत. दोन वेढे फिरतात आणि अडतात. मग माणूस पान्याने जोर लावतो आणि दोन्ही आटे मोडतो. म्हणून जुनी दोन्ही तोंडे दुकानात न्यावीत. नवीन तोंडे दुकानातल्या दाबयंत्रावर बसवून घ्यावीत. तार किंवा क्लिप आवळून बसवलेले तोंड या दाबाला टिकत नाही.

हात जपा, जीव जपा

आता जे सांगतो, ते घरातल्या पोरांनाही सांगा.

पाईपाला सुईएवढे भोक पडले, तर तेल बारीक धारेने बाहेर येते. ती धार कधी दिसतही नाही. माणूस कुठून गळते हे पाहायला पाईपावरून हात फिरवतो. ती धार कातडी भेदून आत शिरते. वर सुई टोचल्यासारखा ठिपका दिसतो, फारसे दुखतही नाही. पण आत तेल पसरते आणि मांस सडू लागते. बोट जाते, हात जातो. असे झाले, तर हळद लावून घरी बसू नये. शस्त्रक्रिया होते अशा दवाखान्यात त्याच वेळी जावे आणि "दाबाचे तेल आत गेले आहे" असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा किंवा लाकडाचा तुकडा पाईपाजवळ धरावा. त्यावर तेल उमटते. हात लावू नये.

पाईप सोडण्याआधी ट्रॉली किंवा अवजार जमिनीला टेकवावे. इंजिन बंद करावे. मग दांडी मागे-पुढे हलवावी, म्हणजे उरलेला दाब निघून जातो.

उचललेल्या ट्रॉलीखाली कोणी जाऊ नये. जायचेच असेल, तर आधी भक्कम लोखंडी टेकू लावावा. नुसत्या तेलाच्या भरवशावर डोके खाली घालू नये.

आणि फुटलेल्या पाईपाला ट्यूब, चिंधी, तार बांधू नये. दोन क्विंटलांचा रेटा चिंधीने अडत नाही.

वहिनींनी वाचले

आता गोष्टीचा शेवट सांगतो.

ट्रॉली पडली त्या संध्याकाळी वहिनींचा फोन आला. आबा बोलायच्या मनःस्थितीत नव्हते. वहिनी दोन वर्षांपूर्वी गावातल्या साक्षरता वर्गाला जाऊ लागल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भावजी, त्या जुन्या पाईपावर काहीतरी लिवलंय. म्या राकेलचा बोळा फिरवला तवा दिसलं. वाचू का?"

"वाचा, वहिनी."

त्यांनी आकडे एकेक करून वाचले. इंग्रजी आकडे मोबाइलमुळे त्यांच्या ओळखीचे झाले होते. "तीन, मग तिरपी रेघ, मग आठ. त्याच्या म्होरं दोन, आन् मग दोन इंग्रजी अक्षरं. ती मला येत न्हाईत."

"अक्षरांचा फोटो पाठवा."

फोटो आला. तीन-अष्टमांश इंच, म्हणजे ३ सूत. पुढे "२ एसएन", म्हणजे डबल वायर. सगळे तेथेच लिहिलेले होते! आम्ही शहरात राहणारे, शिकलेले. आम्ही अंदाज करत बसलो. आणि साठीत अक्षरे गिरवणाऱ्या बाईने चिखल पुसून वाचले.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा नागदेवीला गेलो. या वेळी हातात कागद होता. वहिनींनी जुन्या पाईपाच्या तोंडांचे फोटोही पट्टीला लावून पाठवले होते. दुकानदाराने आट्यांविषयी एक प्रश्न विचारला. आम्ही म्हणालो, "ते आम्हांला माहीत नाही. फोटो पाहा आणि समजावून सांगा." त्याने आनंदाने समजावले. पाईप त्याच रात्री गावी गेला आणि सकाळी बसला.

मंडळी, पाईपावरची ही ओळ इंग्रजीत असते. येत नसेल, तर चित्र काढल्यासारखी जशीच्या तशी उतरवून घ्या. "आर १" किंवा "१ एसएन" म्हणजे सिंगल वायर. "आर २" किंवा "२ एसएन" म्हणजे डबल वायर. पुष्कळ पाईपांवर दाबाचा आकडा आणि तो तयार झाल्याचे सालही असते. घेताना साल पाहावे. वर्षानुवर्षे उन्हात पडलेला पाईप घेऊ नये.

बाजारात जाण्यापूर्वी किंवा मुंबईला फोन करण्यापूर्वी कागदावर एवढे लिहा :

१. आतले माप. सूत की नंबर, तेही लिहा.
२. सिंगल वायर की डबल वायर.
३. ट्रॅक्टरच्या तेलाचा दाब, बारमध्ये.
४. पंप मिनिटाला किती लिटर तेल देतो.
५. लांबी, तोंडांसकट.
६. दोन्ही तोंडांचे आटे आणि तोंड सरळ की वाकडे.

जमेल तर जुना पाईपच बरोबर न्यावा. त्याच्यासारखा साक्षीदार नाही.

हा कागद तुम्ही स्वतः लिहा. अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल. आमचे अक्षर मोत्यासारखे आहे, असे लोक म्हणतात. पण त्या दिवशी आम्ही एक अक्षर लिहून नेले नाही, आणि दुकानदाराने विचारले तेव्हा "माहीत नाही" असे म्हणण्याची आम्हांला लाज वाटली. विचारण्यात लाज नाही. न विचारता अंदाज ठोकण्यात मात्र लाज आहे, आणि धोकाही आहे.

आबांचा नातू आता ट्रॅक्टरवर बसू लागला आहे. ट्रॉली वर असताना तो मागे कोणाला फिरकू देत नाही. आणि आबांच्या घरी दाराच्या मागे एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर वहिनींच्या हाताने लिहिले आहे : "पाईप ३ सूत. डबल. आतून मोजलेला."